पंखा जोडण्याची रीत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – सभांना ज्यांच्यासोबत गावोगाव हिंडलो, त्या सोबत्यांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे.

पत्रकं वाचतच मी मोठा झालो. शब्दांनी माणूस उठतो, असं मी मानायचो. आमच्या शेतकरी संस्थेने धानाच्या मळणी यंत्राला जोडायचा उफणणीचा पंखा आणला. त्याचं माहितीपत्रक कुणाला कळेना, म्हणून ते सोपं करायचं काम मला दिलं. मी काय केलं? सुरुवातीलाच श्रमाच्या मुक्तीवर दणदणीत परिच्छेद लिहिला. मग पाती, पेच, जोडणी. आणि ‘आधी इंजिन बंद करा, पट्टा उतरवा’ – हे अगदी खाली, सूचना म्हणून.

छापण्याआधी एकोडीच्या खळ्यावर ते वाचून दाखवलं. एक म्हातारी म्हणाली, “भाऊ, भासन झालं असन तर पंखा कुठी लावाचा ते सांग.” सगळे हसले, मीही हसलो. पण मला दिसलं होतं – आपल्याकडे वाचणारा एक, करणारा दुसरा. ओळ कानावर पडली की हात चालतो. आणि हँडल मारून मारून सुरू केलेलं इंजिन कोण बंद करतो? पट्टा बाजूच्या मोकळ्या चाकावर सरकवतात, यंत्र थांबतं, इंजिन चालूच. म्हणजे ती ओळ पहिली हवी. तेव्हाच कळलं होतं मला. पण पहिल्या जागेवर माझा परिच्छेद होता ना. तसंच छापलं.

आंधळगावला शालिकभाऊ पत्रक वाचत होते आणि त्यांची बायको सगुणाबाई पंखा बसवत होती. इंजिन चालू. मोकळ्या चाकावरचा पट्टा परत यंत्राच्या चाकावर सरकला, पंखा फिरला. तिच्या उजव्या हाताची बोटं गेली.

संस्थेच्या बैठकीत मी पत्रक वर धरलं. म्हणालो, “सूचना छापलेली आहे.” खोटं होतं का ते? नव्हतं – तेच तर.

शालिकभाऊ मान खाली घालून म्हणाले, “माह्यंच चुकलं. आधी पुरा कागद वाचाले पाहिजे होता.”

मी पत्रकाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

दुसऱ्या छपाईत ती ओळ गुपचूप सगळ्यात वर नेली. परिच्छेद काढला. कुणी काही विचारलं नाही.

शालिकभाऊंनी वाचणं सोडलं. कुणी कागद घेऊन आलं तर म्हणतात, “दुसऱ्या कोनाले दे बापू.” परवा बाजारात भेटले. सगुणाबाई मागे, डाव्या हातात पिशवी. “भाऊ,” ते म्हणाले, “तुमच्या एवढ्या चांगल्या कागदाले माह्यापायी बट्टा लागला. मनात नोका ठेवू.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. जाऊ द्या, म्हटलं – आणि त्यांना माफ केलं.