मधल्या विहिरीतलं पाणी

खाडीकाठच्या त्या गावातला पेट्रोल पंप बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तिथे दुकानगाळे बांधायला खोदकाम सुरू झालं आणि जमिनीखालून डिझेलची टाकी निघाली, गंजून भोकं पडलेली. खड्ड्यातल्या पाण्यावर तेलाचा तवंग होता. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या वाडीने आपली विहीर बंद केली, टँकर सुरू झाला. भूजल तपासणं हे माझं काम. तेल कुठवर पसरलंय ते शोधायला मला पाठवलं. मी आचऱ्याची, त्यामुळे इथल्या बोलीला तरी परकी नव्हते.

विहीर एका निवृत्त शिक्षिकेच्या अंगणात होती. लेक गोव्यात, घरात त्या एकट्या. सगळी वाडी त्यांना बाईच म्हणायची, आणि सगळ्या वाडीच्या पाण्याच्या मोटारी त्यांच्याच विहिरीवर. पहिल्या दिवशी त्यांनी मला पायरीवर बसवलं.

"गो, आमच्या बावीत तेल इला काय?"

"अजून माहीत नाय, बाई."

"मगे माका बरा वाटाचा म्हणून कायतरी सांगू नको. खरा काय ता सांग."

पंपाच्या आवारात आणि वाडीच्या वाटेवर आम्ही बारीक बोअर मारून त्यात जाळीचे पाइप बसवले. या निरीक्षण विहिरी. यांचं पाणी प्यायचं नसतं, त्यावर फक्त लक्ष ठेवायचं असतं. इथला खडक जांभा, त्याचा भरवसा नाही. त्याच्या भेगांतून पाणी कुठे जाईल ते वरून कळत नाही. पाइपात सोडायची आमची टेप तेलाला लागली की सलग वाजते, पाण्याला लागली की तुटक. पंपाच्या आवारात ती सलग वाजली. पंप आणि बाईंचं घर यांच्या मधल्या निरीक्षण विहिरीत मात्र तुटक. पाण्याच्या पातळ्याही सांगत होत्या की जमिनीतला ओघ वाडीकडे नाही, खाडीकडे आहे.

तिथल्या तिथे 'प्या' म्हणून टाकावंसं वाटलं. पण वाडीच्या मोटारी कितीतरी दिवस बंद होत्या. त्या पुन्हा चालू झाल्यावर तेल इकडे ओढलं गेलं तर? म्हणून मी दिवसभर सगळ्या मोटारी चालवायला सांगितल्या. पाणी माडांना सोडायचं, प्यायचं नाही.

शेजारचे मासळीचा धंदा करणारे चाचा भडकले. "आमी टँकरची वाट बघतंव आणि तू पाणी ओतूक सांगतंस?"

बाई दारातूनच म्हणाल्या, "चालू कर रे मोटार. आपण नाय तर माड तरी पितले."

त्या दिवशी मी मधल्या विहिरीपासून फारशी हललेच नाही. पाणी हळूहळू खाली जात होतं. टेप वाजली की चाचाही कान देऊन उभे राहत. दुपारनंतर पाणी उतरायचं थांबलं. पंपाच्या आवारातल्या पातळीपेक्षा ते अजून वरच होतं, म्हणजे ओघ वाडीकडे वळला नव्हता, आणि आवाज तुटकच. बाटल्या भरून मी प्रयोगशाळेत पाठवल्या. मग बाईंचे फोन सुरू झाले. "इलो रिपोर्ट?" एवढंच विचारायच्या.

रिपोर्ट आला तेव्हा फोन न करता मी स्वतः गेले. बाईंच्या विहिरीत आणि मधल्या विहिरीत तेलाचा अंश सापडला नव्हता.

"मगे पिवचा?"

"पिया, बाई."

त्या खांबाला टेकून खाली बसल्या, पदराने चेहरा पुसला. "ह्या बावीचा पाणी पिवन मी पोरांका शिकवलंय. माका टँकरचा चाय घशाखाली उतरणा नाय, गो."

कळशी त्यांनी स्वतः ओढली. पहिला पेला मला दिला. मी सगळा प्याले. माझ्या कामात बहुतेक वेळा लोकांना विहीर गेली असंच सांगावं लागतं. पिया म्हणायची संधी क्वचितच येते.

पंपाच्या आवारातलं तेल उपसायचं काम अजून चालू आहे. पावसाळ्यानंतर आम्ही मधली विहीर पुन्हा तपासली, पाणी स्वच्छच होतं. तेव्हा चाचांनी मला ताजे बांगडे बांधून दिले आणि नको म्हणायला तोंडच उघडू दिलं नाही.