सात फ्रॉक आणि कुंकवाचं बोट

मधुरा, ये, निदान हे वाचताना तरी जवळ बस. दोनदा आलीस आणि दोन्ही वेळा दारातूनच गेलीस. आधी ‘आज्जी, ऑफिसात ख्रिसमसची पार्टी आहे, ड्रेस दोन बोटं वर घे’ म्हणून पिशवी टाकलीस. मग न्यायला आलीस तेव्हा चप्पल पायातच. चहा नाही, पाणी नाही. दादरला राहते मी, लंडनला नाही. आणि जिना उतरता उतरता विचारतेस, ‘आज्जी, नव्या ड्रेसला कुंकू नाही लावलंस?’ विचारलंस खरं, पण उत्तर ऐकायला थांबली नाहीस. म्हणून लिहून काढते आहे. वाच आता.

सेसिलिया मॅडमनी पांढरा फ्रॉक खिडकीच्या उजेडात धरला होता. नाताळ दोन दिवसांवर आला होता. फ्रॉकच्या घेराजवळ, खाली, रुपयाएवढा लाल डाग. मॅडमनी दुसरा फ्रॉक उचलला. त्याच जागी, तसाच डाग. तिसरा. चौथा. सात फ्रॉक होते, सातांना सात डाग.

ही गोष्ट संयुक्त महाराष्ट्राच्या वेळची. मी बावीस वर्षांची होते. गिरगावात खोताच्या वाडीच्या तोंडाशी मॅडमचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं. तीन मशिनं, एक मोठं कटिंगचं टेबल, मागे इस्त्रीची जागा. मॅडम वाडीतल्याच, दुकानाच्या वर राहायच्या. इंग्रजी बोलायच्या, पण राग आला की मराठी नाहीतर हिंदी. मी करी रोडच्या चाळीतून ट्रामने यायचे. दोनच महिने झाले होते कामाला लागून.

‘इब्राहिम,’ मॅडम म्हणाल्या, ‘कितनी बार बोला, इस्त्री करते टाइम पान नहीं खाने का.’

इब्राहिमचाचा आमचे इस्त्रीवाले. साठीचे असतील. ते इस्त्रीत कोळसे भरत होते. ‘मॅडम, सुबह से मुँह में कुछ नहीं डाला. देखो,’ म्हणून त्यांनी आ केला. तीस वर्षांचं पान त्या दातांवर बसलेलं. लालच लाल. चाचांची बाजू तिथेच पडली.

‘ये क्या है फिर?’

‘ये तो पुराना है, मॅडम.’

मी मशीनवर मान खाली घालून बसले होते. डाग कसला ते मला पहिल्या फ्रॉकलाच कळलं होतं.

आमच्या घरी सासूबाईंचा दंडक होता. ‘नव्या कपड्याक कुंकू लावल्याशिवाय अंगाक लावू नये गो.’ रुमाल असो की लुगडं, आधी आतल्या बाजूला कुंकवाचं बोट लावायचं. आदल्या संध्याकाळी माझ्या हातचे सात फ्रॉक पुरे झाले. पहिल्यांदाच एवढी मोठी ऑर्डर मॅडमनी एकटीच्या हातात दिली होती. मला इतका आनंद झाला की जाताना पर्समधली कुंकवाची डबी काढली, बोट ओलं केलं आणि प्रत्येक फ्रॉकच्या हेमला आतून एक एक टिकली लावली. हेम म्हणजे घेराच्या खालची दुमड. आत दडलेली जागा, कोण बघतंय? मुलींना नाताळ सुखाचा जावो, एवढंच मनात.

पण कापड होतं ऑर्गंडी. ऑर्गंडी म्हणजे कडक, झुळझुळीत, आरपार दिसणारं सुती कापड. त्यात आत काही लपत नाही. आणि इस्त्री करण्याआधी त्यावर पाणी शिंपडतात, नाहीतर चुणी मोडत नाही. चाचांनी सकाळी आल्या आल्या पाणी शिंपडलं, माझी टिकली फुटली, पसरली, वरून गरम इस्त्री फिरली. पक्का रंग.

खरं सांगते, मी लगेच तोंड उघडलं नाही. मी शिवणाचा क्लास केलेला नव्हता. जुनी पोलकी उसवायची, तुकडे जमिनीवर मांडायचे आणि परत जोडायची, असं करून शिकलेली मी. सर्टिफिकेट म्हणून दाखवायला काही नव्हतं. चार दुकानांनी परत पाठवलं होतं. मॅडमनी नुसती माझी शिलाई बघितली आणि ठेवून घेतलं. हे काम गेलं असतं तर पाचवं दुकान मला कुठे मिळणार होतं?

पण चाचा आ करून उभे होते. तो आ काही बघवेना.

‘मॅडम, पान नाही ते. कुंकू आहे. मी लावलं.’

मॅडमनी आधी माझ्या कपाळाकडे बघितलं, मग फ्रॉककडे.

‘सातही फ्रॉकना?’

‘हो.’

‘का?’

‘नव्या कपड्याला लावतात.’

‘फ्रॉकला कोण लावतं, शालन?’

चाचांनी हळूच तोंड मिटलं.

फ्रॉक होते आग्नेसबाईंच्या सात नातींचे. आग्नेसबाई वाडीतल्या जुन्या, मूळच्या मुंबईकर ख्रिस्ती घरातल्या, लाल चौकड्यांचं लुगडं नेसणाऱ्या, अख्ख्या वाडीवर जरब असलेल्या. नाताळच्या सकाळी त्यांच्या ओट्यावर सातही नाती उंचीप्रमाणे ओळीने उभ्या राहून गायच्या आणि वाडी ऐकायला जमायची. सगळ्यांना एकाच ताग्यातलं कापड, एकच पॅटर्न. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला त्या फ्रॉक न्यायला येणार होत्या. नाही मिळाले तर मुली जुन्या कपड्यात उभ्या राहणार, आणि मॅडमचं नाव वाडीतून जाणार. माझं काम तर गेलंच.

मॅडमनी आधी साबण लावला. डाग आणखी लाल झाला. चाचा म्हणाले, लिंबू. लिंबू लावलं तर डाग पिवळा. आम्हाला वाटलं, निघतोय. परत साबण, परत लाल. हळदीचं कुंकू ते, त्याचा स्वभावच तसा. अर्धा तास आम्ही तिघं एका फ्रॉकला लाल-पिवळा, लाल-पिवळा करत बसलो. शेवटी मॅडम म्हणाल्या, ‘बस. हा गिरगावच्या नाक्यावरचा सिग्नल नाही.’

नवं कापड आणावं तर त्या दिवशी हरताळ. सगळा बाजार बंद. ट्रामही नव्हत्या, मी सकाळी करी रोडहून चिंचपोकळी, भायखळा करत चालत आले होते. आमचं दुकानही दार लोटून आतल्या आत चाललं होतं. बाहेरून मोर्चा चालला होता, त्यात आमचे हेही होते. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते हे, पण ते वर्षभर घरापेक्षा मोर्चात जास्त.

‘हेम कापून टाकू?’ मी विचारलं.

‘चार इंच कमी होईल. गुडघे उघडे. आग्नेसबाई मला चर्चच्या पायरीवर उभी करतील.’

मग मॅडम फ्रॉक टेबलावर टाकून खुर्चीत बसल्या. मीही बसले. टेबलावर नाताळची शुभेच्छापत्रं पडली होती, मॅडमना विलायतेच्या कुणी बहिणीने पाठवलेली. एकावर काटेरी हिरवी पानं आणि मध्ये लालभडक तीन बोरं.

‘मॅडम, ही कसली बोरं?’

‘हॉली आहे ती. तिकडे ख्रिसमसला दारावर लावतात.’

मी ते कार्ड उचललं आणि सहज फ्रॉकच्या खाली सरकवलं. ऑर्गंडीतून चित्र जसंच्या तसं वर दिसलं. लाल बोरं बरोबर लाल डागावर. ज्या आरपारपणाने माझा घात केला होता, तेच आता उपयोगी पडत होतं. भरतकाम करायचं तर एरवी चित्र कापडावर उतरवून घ्यावं लागतं. इथे कार्ड खाली धरायचं आणि सुई चालवायची.

मॅडम वाकून बघत राहिल्या. ‘येतं तुला भरतकाम?’

‘उशांच्या अभ्र्यांवर येतं.’

‘मग हा अभ्राच समज. पण ऐक. एकच फूल काढलंस तर बघणारा म्हणेल डाग झाकलाय. तीन काढलीस तर म्हणेल डिझाइन आहे.’

हे वाक्य मी पुढे तीस वर्षं वापरलं.

सात फ्रॉक, एकवीस हॉली. पानांना लेझी डेझी टाका, म्हणजे दोऱ्याचा लांबट फास घालून त्याच्या टोकाला बारीक टाका मारायचा. बोरांना फ्रेंच नॉट, म्हणजे सुईला दोऱ्याचे वेढे देऊन घट्ट गाठ. मी आणि मॅडम समोरासमोर बसलो. चाचांना जवळचं दिसायचं नाही, पण सुईत दोरा मीच ओवणार म्हणून हट्टाला पेटलेले. ‘मेरे पान पे नाम आया था, मेरा भी हाथ लगेगा,’ म्हणायचे. एका सुईला पाच मिनिटं घ्यायचे. आम्ही हात थांबवून वाट बघायचो.

त्या दिवशी अकरा हॉली झाल्या. संध्याकाळी ह्यांना घडलेलं सांगितलं तर हे हसत सुटले. सासूबाई म्हणाल्या, ‘कुंकू लावलंस ता बरा केलंस. पण ओला कित्याक?’ म्हणजे चूक कुठे झाली ते त्यांना मॅडमच्या आधी कळलं.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडला, ट्राम सुरू झाल्या. दुपारी बारा वाजता मॅडमनी सुई ठेवली. मला वाटलं, काय झालं?

‘कलकल,’ मॅडम म्हणाल्या.

नाताळच्या आदल्या दिवशी दुकानात कलकल करायची त्यांची रीत होती. कलकल म्हणजे नारळाच्या दुधात भिजवलेल्या पिठाच्या छोट्या गोळ्या, काट्याच्या मागच्या बाजूवर दाबून वळलेल्या, मग तळून पाकात घोळवलेल्या. आपल्या शंकरपाळीची वळून बसलेली बहीण समज.

‘मॅडम, अजून सहा हॉली बाकी आहेत. पाचला बाई येतील.’

‘शालन, फ्रॉक उशिरा झाले तर आग्नेसबाई ओरडतील. कलकल झाले नाहीत तर मी ओरडेन. बस.’

बसले. कटिंगच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही तासभर कलकल वळले. काटे दोनच, म्हणून चाचा नव्या कोऱ्या कंगव्यावर वळत होते. त्यांचे सगळ्यांत सुबक झाले. मी घरून करंज्या आणल्या होत्या, त्या मॅडमनी उभ्या उभ्याच चार खाल्ल्या. वाडीत कागदी चांदण्या टांगल्या जात होत्या, अगदी आपल्या दिवाळीच्या कंदिलासारख्या. कुणाच्या तरी घरातून गिटार ऐकू येत होती. मला नोकरीची धास्ती होती, तरी त्या तासाइतकी मजा मी दुकानात कधी केली नाही.

शेवटची गाठ मारली तेव्हा पावणेपाच. चाचा इस्त्री करायला उभे राहिले, या वेळी कोरडी. आणि आग्नेसबाई दारात.

आत येऊन त्यांनी फ्रॉक बघायला घेतले. एकेक हातात घेतला. बोरांवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी फ्रॉक उलटा केला. जुनी बाई, भरतकाम नेहमी मागून बघणारी. आणि गाठींच्या मागे माझं कुंकू अजून फिकट दिसत होतं.

‘हे काय गो?’

मॅडम म्हणाल्या, ‘बाई, त्याचं असं झालं—’

‘मी लावलं,’ मी म्हटलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं. ‘कुंकू आहे. आमच्यात नव्या कपड्याला लावतात. चुकून पसरलं, म्हणून वर बोरं काढली. तुम्हाला नको असतील तर तसं सांगा.’

आग्नेसबाईंनी फ्रॉक परत सुलटा केला. ‘सातही पोरींना लावलंस?’

‘हो.’

‘आणि आठवीनं काय केलंय?’

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. आग्नेसबाईंनी पिशवीतून हातभर लांबीचा एक फ्रॉक काढला. पाळण्यातल्या नातीचा. तो त्यांनी स्वतः घरी शिवला होता, म्हणून आमच्या ऑर्डरमध्ये नव्हता.

‘सात जणींना आशीर्वाद, आणि ही बिचारी तशीच? हिला पण लाव. तीन बोरं काढ. आणि आतून लाव ते तुमचं, पण कोरडं लाव.’

मी कोरडी चिमूट लावली. मॅडमनी पानं काढली, मी बोरं. चाचांनी सुई ओवली, आणि या वेळी आग्नेसबाईंनीही पाच मिनिटं वाट बघितली.

नाताळच्या सकाळी मी, हे आणि सासूबाई वाडीत गेलो. सात मुली ओळीत, आठवी आग्नेसबाईंच्या कडेवर, आणि खाली एका रेघेत लाल बोरं. ह्यांच्या शर्टावर समितीचा बिल्ला होता, मला धाकधूक की इथे कुणाला आवडेल न आवडेल. आग्नेसबाईंनी बिल्ल्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘मुंबई कोणाची म्हणून भांडताय ना? आमी तुमच्याही आधीपासून इथले. आधी केक खा, मग भांडा.’ ह्यांनी तीन तुकडे खाल्ले आणि संध्याकाळी सभेत तेच वाक्य स्वतःचं म्हणून सांगितलं.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरातच वाडीतल्या बायका दुकानात यायला लागल्या. ‘ते आग्नेसबाईंच्या नातींना केलेले, बोरांचे फ्रॉक. तसेच पाहिजेत.’ मॅडमनी त्या वर्षी माझ्यासाठी चौथं मशीन घेतलं. कोणी विचारलं तर म्हणायच्या, ‘विलायती डिझाइन आहे.’ चाचा मागून खोकायचे.

तर मधुरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. तुझा ड्रेस फिकट आणि आरपार दिसणारा आहे, म्हणून ओलं बोट लावलं नाही. कोरडी चिमूट लावली आहे, डाव्या शिवणीत, आतून. तुला दिसली नाही कारण आता मला येतं. धंद्यातला धडा म्हणशील तर एवढाच: कापड काय आहे ते आधी बघावं, माया मग करावी. आणि चूक झालीच, तर दुसऱ्याचे दात मोजले जाण्याआधी सांगून टाकावी.

पार्टी झाली की ये. या वेळी चप्पल काढून, वेळ घेऊन ये. नारळ आणून ठेवलाय, नवा कंगवाही आहे. माझ्या बोटांना आता ते वळण जमत नाही. तू वळ, मी तळते.