आवाजाचा नवस

परदेशातल्या मोठमोठ्या नाट्यगृहांत मी अर्धं आयुष्य ऑपेरा गायलो. डहाणूत मात्र कोणी माझ्या कामाची चौकशी केली, की माझ्याआधी आईच उत्तर द्यायची, "नाटकात बोंबलतो." तिला मी एकदा मोबाइलवर माझा एक प्रयोग दाखवला होता. साखळदंडात अडकलेला म्हातारा बाप झालो होतो मी. माझा आवाज बॅरिटोन, म्हणजे पुरुषांच्या आवाजांतला मधला. त्याच्या वाट्याला बाप, राजे आणि खलनायक येतात, नायिका कधीच येत नाही. आईला गोष्टीत रस नव्हता. तिने एवढंच विचारलं, "माइक कुठं हाय?"

माइक नसतो, मी सांगितलं. पुढ्यात शंभर वाजंत्री असले तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला नुसत्या गळ्याने ऐकवावं लागतं. तेव्हा तिला माझं काम एकदम पटलं. ती जन्मभर डहाणूच्या बाजारात मासे विकत आलेली. चारी बाजूंनी कालवा, रिक्षांचे भोंगे, आणि त्यावरून तिची हाळी, अर्धी मराठी, अर्धी गुजराती: "ताजं पापलेट, लई जाव बेन, लई जाव!" बोर्डीच्या वाड्यांवरून येणारी गिऱ्हाइकं तो आवाज ऐकूनच तिच्याकडे वळायची. त्या दिवसापासून आम्ही दोघं एका धंद्यातली माणसं झालो.

गेल्या हिवाळ्यात एका प्रयोगात वरचा स्वर घेताना माझ्या गळ्यात काहीतरी फाटलं. दुखलं नाही. स्वर होता, आणि पुढच्या क्षणी त्याच्या जागी नुसती हवा आली. तिथल्या डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घालून पाहिलं, स्वरतंतूत रक्त साकळलं होतं. शस्त्रक्रिया झाली आणि मग पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजण्याने गळा बोलण्याइतकाच, कधी जास्तही ताणला जातो. पावसाळ्यानंतरच्या प्रयोगासाठी माझ्या सह्या झालेल्या होत्या. ज्या भूमिकेची मी ऐन तारुण्यापासून वाट पाहत होतो, तीच होती. तोवर आवाज परत आला नाही तर ती गेली, आणि तिच्यामागून पुढच्या सगळ्याच.

मौन पाळायला मी डहाणूला आलो, हा शुद्ध मूर्खपणा होता. आमच्या गल्लीत कोणी हळू बोलत नाही. किनाऱ्यावरून होडीतल्या माणसाला हाक मारायची सवय जडलेली माणसं ती, चहा घेणार का हेही तसंच विचारतात. मी उत्तर देईना, म्हणून आधी सगळ्यांनी ठरवलं की मला परदेशाचा माज चढलाय. मग शेजारच्या मावशीने मी मौनव्रत धरल्याची बातमी उठवली, आणि दोघी-तिघी चक्क नारळ घेऊन पाया पडायला आल्या. मी हात जोडून त्यांना घालवलं. एरवी मी पोट धरून हसलो असतो, पण तेव्हा हसायचीही चोरी होती.

अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत असायचे. त्यांच्याकडे बघत मी दिवसच्या दिवस काढले. भीती कशी वाटते ते सांगतो. पाणी गिळलं की वाटायचं, गळा वेगळा लागतोय. झोपेत ओरडलो तर, म्हणून झोपायला घाबरायचो. आवाज नसलेला मी कोण, याचं एकही उत्तर मला सापडत नव्हतं. लग्न केलं नाही, घर केलं नाही, जे होतं ते या गळ्यात होतं.

एकदा सकाळी मीठ संपलं म्हणून मी बाजारात गेलो, तर आईची हाळी ऐकू येईना. ती जागेवरच होती. पाटीतल्या बर्फावर सुरेख पापलेटं मांडलेली, आणि ती तोंड मिटून बसलेली. गिऱ्हाइकं तिच्या समोरून पुढच्या आवाजांकडे निघून जात होती. मावशी शेजारीच कोळंबी सोलत होती. मी खुणेने विचारलं, काय झालं?

"तुला नाय सांगितलं हिनं? महालक्ष्मीला नवस बोललीय. पोराचा आवाज येईल तवाच हाळी देईन म्हणून. म्हावरं रोज घरी नेते परत."

तरीच रोज रात्री ताटात पापलेट असायचं. मी मुलाचे लाड समजून खात होतो.

मला असा संताप आला की डोकं भणभणलं. हा काय सौदा झाला? देवीला आईचा गळा हवाय असं हिला कोणी सांगितलं? आणि हे सगळं मला मनातल्या मनात ओरडावं लागत होतं. घरी आल्यावर मी हातवारे केले, टोप आपटला. आईने तो उचलून जागेवर ठेवला. "नवस बोलून झालाय," ती म्हणाली. "आता परत घेता येत नाय. तू बरा हो." ती घरात बोलायची, भांडायची, सगळं करायची. नवस फक्त हाळीचा होता. पण हाळीशिवाय बाजारात बसलेली आई मला बघवेना. त्यानंतर मी तिकडे फिरकलोच नाही.

मौनाची मुदत संपल्यावर मुंबईच्या डॉक्टरांनी तपासलं. बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. जखम भरलीय, पण तिथे वण राहिलाय, तंतू नीट मिटत नाही. बोलायला पुरेल. स्टेजवर गाण्याइतका मात्र हा आवाज येणार नाही, ना पावसाळ्यानंतर, ना कधी. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मी दवाखान्यातूनच नाट्यगृहाला कळवलं. संध्याकाळपर्यंत त्यांचं उत्तर आलं, फार सभ्य होतं. माझ्या जागी दुसरा ठरला होता.

घरी पोचलो तेव्हा आई वलांडीवरून बोंबील उतरवत होती. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. खरं सांगितलं असतं तर ती उरलेलं आयुष्य बाजारात मुकी बसली असती. बसलीच असती, मी तिला ओळखतो.

"आला," मी म्हणालो.

"गा मग."

प्रत्येक जुन्या गवयाला चोरवाटा माहीत असतात. कुठला सूर अजून धड लागतो, कुठे श्वासाने खोट झाकता येते. मी घरात शिरलो, कारण पत्र्याखाली आवाज घुमतो. अगदी खालच्या पट्टीतल्या चार ओळी निवडल्या आणि गायलो. शेवटचा सूर फाटायला लागला, तो मी मुद्दाम ठरवल्यासारखा तोडला. तसलं घाणेरडं गाणं मी आयुष्यात गायलो नव्हतो. कल्ला उचलून बघताक्षणी कालचा मासा ओळखणारी बाई. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, कारण तिला ठेवायचा होता. पदराने डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने नारळ, ओटी घेऊन महालक्ष्मीला गेली.

परवा मी बाजाराच्या तोंडाशी उभा राहून तिची हाळी ऐकली. इतके दिवस कोंडलेला आवाज होता तो, सगळ्या बायकांच्या वरून जात होता. मावशीने मस्करीत कानांवर हात ठेवले. गिऱ्हाइकं वळत होती. मला बरं वाटलं, खरंच वाटलं.

रात्री आईने पहिल्यांदाच साधी आमटी केली, पाटी रिकामी झाली होती. मला वाढता वाढता ती सुके बोंबील कागदात बांधायला लागली. मी विचारलं, हे कोणाला?

"तुला. तिकडं मिळतात काय?" तिने गाठ मारली. "आवाज आला ना, आता इथं बसून काय करतोस? लोक खोळंबले असतील तुझे. कवा निघतोस?"

कुठे जायचं ते मला माहीत नव्हतं. जगात कोणीही माझ्यासाठी खोळंबलेलं नव्हतं.

"बुधवारी," मी म्हणालो.