नवसाला माणसं लागतात

सायमनच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी अकोल्यात न्हाव्याच्या खुर्चीत होतो, अर्ध्या गालाला फेस. आमचा शिरस्ता असा, की एकमेकांचा फोन शिवीनंच उचलायचा. मी ठेवणीतली एक खणखणीत शिवी हासडली, बाकावरची दोन गिऱ्हाइकं हसली, आणि पलीकडून मार्था वहिनींचा आवाज आला. "भाऊजी, ते गेले. पहाटे, झोपेतच." न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. मी उरलेली दाढी तशीच घेऊन घरी आलो... याला आता महिना उलटून गेला. सायमनच्या गोष्टी सांगायला मी एरवी एका पायावर तयार असे, हातवारे करून, आवाज काढून. आता सुरुवात केली की मध्येच थकवा येतो आणि ऐकणाऱ्याला चहा विचारून मी विषय बदलतो. म्हणून एकदाच लिहून काढतो.

सायमन तायडे आणि मी अमरावतीच्या शाळेत एका बाकावर वाढलो. त्याचं घर कॅथलिक, आमचं हिंदू, पण नवसाच्या बाबतीत दोन्ही घरं सारखीच. आमच्याकडे देवीला रोडग्यांचा नवस, त्यांच्याकडे मरियामायला. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून त्यात तूप सोडायचं, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. नवस त्याची आजी बोलायची, जेवायचं अख्ख्या चर्चनं, आणि मी. एकदा तिसरा रोडगा फोडताना मी त्याला विचारलं होतं, "तुमच्या मरियामायले रोडगा चालते का बे?" तो म्हणाला, "न चालाले काय झालं? ते का पुण्याची हाये?"

वहिनी नर्स. त्यांना आयर्लंडमधल्या एका लहान गावच्या इस्पितळात नोकरी लागली आणि सायमन इथली चित्रकलेची मास्तरकी सोडून तिकडे दुकानात फळ्यांवर माल लावायला लागला. जाताना खूश होता. "कॅथलिक देश हाये, लेका. सारे आपलेच." पहिल्या वर्षातच त्याचा आवाज उतरला. चर्च भलं मोठं, माणसं मोजकी आणि म्हातारी. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपली की जो तो कोट चढवून गाडीकडे. केरळच्या लोकांची मिस्सा वेगळी, त्यांच्या भाषेत. ते प्रेमानं बोलवत, हा जाऊन गप्प बसून येई. गोव्याचं एक कुटुंब भेटलं, त्यांनी विचारलं, मुंबईचे का? हा म्हणाला, अमरावतीचा. तिथं बोलणं संपलं. "तुमच्यात मी ख्रिश्चन होतो," तो मला म्हणाला, "अन् इथं ख्रिश्चनात वऱ्हाडी होऊन बसलो."

मग वहिनींच्या छातीत गाठ निघाली. सायमन आजीसारखाच नवस बोलला, गाठ साधी निघाली तर मरियामायला रोडग्याचं जेवण. गाठ साधी निघाली. आणि खरा घोळ तिथून सुरू झाला.

"रोडगे मी शंभराचे करीन, पन खाईन कोन?" तो फोनवर म्हणाला. "मले इथं दोघाची नावं मालूम नाहीत."

मी म्हटलं, "मी इकडं करून टाकतो. आपल्या चर्चमधे, तुया नावानं."

"नवस का पार्सल हाये?"

मी हसलो, तो हसला नाही. दर रविवारी तो शेवटच्या बाकावर बसे, गृहपाठ न केलेल्या पोरासारखा, मूर्तीकडे न बघता. पुढेपुढे रविवार चुकवू लागला. वहिनींनी एकदा मला हळूच सांगितलं, "भाऊजी, हे आता देवापासूनच तुटून राहिले. तुमी बोला न." नवस बोलायला एकटा माणूस पुरतो, फेडायला गाव लागतं. ते मला इकडून पाठवता येत नव्हतं.

एका हिवाळ्यात कामावरून परतताना त्याला गोवऱ्यांच्या धुरासारखा वास आला. तो वासामागे गेला, थेट एका परक्या माणसाच्या अंगणात. तिथं शेडमध्ये तपकिरी ढेपांची उतरंड. दलदलीतली माती कापून, वाळवून तिकडची जुनी माणसं चुलीत जाळतात, त्या ढेपा. "हुबेहूब गोवऱ्या, बावा. मी हातात घेऊन वास घेऊन राहिलो, अन् म्हातारा दारात उभा राहून मले पाहून राहिला." तो म्हातारा म्हणजे डोनल, चर्चमध्ये याच्याच पुढच्या बाकावर बसणारा. इतकी वर्षं यानं त्याचं टक्कलच पाहिलं होतं. काय करतोस, असं त्यानं विचारलं आणि सायमननं सगळं सांगून टाकलं, गाठ, आजी, रोडगे, सगळं. म्हातारा हसला नाही. त्याची आई म्हणे नवस बोलून एका पवित्र विहिरीला अनवाणी फेरे घालायची. "मंग मी त्याले विचारलं, तुमची माय आमच्याकडच्या कौंडण्यपूरची होती का?"

पुढच्या सप्टेंबरात, मरियेच्या जन्माच्या सणाला, चर्चच्या आवारात डोनलच्या ढेपांचे निखारे पडले. सायमननं वेळ गोवऱ्यांच्या हिशेबानं धरली. ती माती जळते सावकाश आणि धग धरते जबर, त्यामुळे पहिला घाणा कोळसा झाला. डोनलनं खरवडून तोही खाल्ला. मिस्सा संपल्यावर लोक सवयीनं गाड्यांकडे निघाले, तर फाटकात हा वरणाची बादली घेऊन उभा. सगळ्यांना गवतावर ओळीनं बसवलं आणि आपला नियम सांगितला: पंगतीतून मधेच कोणी उठायचं नाही, शेवटच्याचं होईपर्यंत बसायचं. शेवटचा होता डोनल, त्याचे पुढचे दात नव्हते. रोडगा चावायला त्याला तासभर लागला. तेवढ्या वेळात माणसं काय करणार? एकमेकांशी बोलली. "डोनलच्या दातानं माया नवस फेडला," सायमन म्हणायचा. पुढे दर वर्षी रोडगे झाले आणि तो पहिल्या बाकावर बसू लागला.

तो गेला तेव्हा वहिनींनी त्याला तिथंच पुरायचं ठरवलं. मी रागावलो. अमरावतीत त्याच्या बापाशेजारी जागा असताना परक्या पावसात कशाला? अंत्यविधी मोबाइलवर पाहिला. काळ्या छत्र्या, ओळखीचं एक तोंड नाही. नंतर वहिनींशी जेवढ्यास तेवढं बोललो.

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. माणूस जाऊन महिना झाला की तिकडेही त्याच्यासाठी मिस्सा करतात. मिस्सेनंतर डोनल आणि चर्चच्या लोकांनी आपणच रोडगे घातले होते, वहिनींना हात लावू दिला नाही.

"कसे झाले?" मी विचारलं.

"कच्चे, भाऊजी. आतून निरं पीठ. मीठबी विसरले."

"मग?"

"मंग काय... डोनलचं होईपर्यंत कोनी उठलं नाही."