नऊ गाठींचा नाडा

“नाडा तोडा ना भाऊ, नाडा!”

बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, खोलीतून काकू ओरडत होत्या. त्यांचा आवाज लाखांदूरच्या बसस्टँडपर्यंत गेला असेल. मी त्यांच्यापासून चार हातांवर, आग विझवायचा लाल सिलेंडर पोटाशी धरून, गाठी सोडत बसलो होतो.

काकू आमच्या राइस मिलमध्ये फाटकी पोती शिवायच्या. शिलाई मशीनची वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीने जोडलेली. तिथूनच ठिणगी उडाली आणि पोत्यांच्या गठ्ठ्याने पेट घेतला. भिंतीपलीकडे धानाच्या भुशाचा डोंगर. तो पेटला असता तर मिल काय, अर्धा तालुका भाजून निघाला असता. वाढवून सांगत नाही. बरं, थोडं वाढवतो आहे.

आणि सिलेंडरला नाडा होता. दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या मशिनींची पूजा होते. हळदकुंकू, झेंडूचा हार, लाल नाडा. त्या वर्षी पुढारपण माझ्याकडे. सिलेंडरच्या मुठीला, पिनेसकट, मी नऊ वेढे दिले, नऊ गाठी मारल्या आणि जाहीर केलं की अग्निदेवाला बांधून टाकलंय, आता वर्षभर इथे बिडीसुद्धा पेटणार नाही. सगळी मिल हसली. काकू तेवढ्या म्हणाल्या की पूजा झाली, आता सोडून ठेवा, वेळेवर पिन निघायची नाही.

“काकू, तुमी पोते शिवा,” मी म्हटलं. “देवाचं मी पायतो.”

पुन्हा हशा. काकू हसल्या नाहीत.

आठवड्याने मालकाने मला आगीचे धोके तपासून कागद भरायला सांगितला. तपासायला मिलभर फिरावं लागतं. मी पंख्याखालून उठलोच नाही. वायरिंग सुस्थितीत आहे काय? होय. सिलेंडर लगेच वापरता येतो काय? होय. दोन समोसे संपेपर्यंत आमची मिल विदर्भातली सर्वात सुरक्षित मिल झाली होती. खाली माझी झोकदार सही.

आग लागली त्या दिवशी माझ्या बोटांना एकही गाठ सुटेना. मिस्त्री पक्कड घेऊन धावत येईस्तोवर काकूंनी पेटता गठ्ठा दोन्ही हातांनी ओढत अंगणात नेला होता. भुसा वाचला. काकूंचे तळहात गेले.

इथवर ठीक. माणूस चुकतो. पण संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी हीच गोष्ट सांगितली तेव्हा ज्वाळा ताडाएवढ्या झाल्या, गठ्ठा पाच क्विंटलचा झाला आणि तो उचलणारा मी झालो. लोकांनी चहा पाजला. मी प्यायलो. कप ठेवायला वळलो तर मागच्या बाकावर काकू बसलेल्या. सरकारी दवाखान्यातून परतताना एसटीची वाट पाहत होत्या. दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत, मांडीवर उताणे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बस आली, त्या चढल्या. दांडा धरता येईना म्हणून कंडक्टरने त्यांना दंडाला धरून वर घेतलं.

दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन मी पहिल्यांदा सगळी मिल पायी फिरलो. वायर काढली, पोती बॉयलरच्या भिंतीपासून हलवली, उरलेल्या तीन सिलेंडरांचे नाडे कात्रीने कापले. तेही माझेच. प्रत्येक ‘होय’ खोडताना कान तापत होते. खोडलेला कागद मालकाच्या टेबलावर ठेवला आणि आदल्या दिवशी कोणी काय केलं ते त्यांना खरं सांगितलं.

मग काकूंच्या घरी गेलो. दाराशी उभं राहून सगळं कबूल केलं. नाड्याचं, कागदाचं, टपरीचंही. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही वाढवून सांगितलं नाही. शेवटी विचारलं, तुमच्यासाठी मी काय करू?

काकूंनी ताट घेऊन उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं.

“सून चारते मले,” त्या म्हणाल्या. “तिले धान कापाले जावाचं हाये. तुमी निंगा आता.”