एकोणीस नंबरचा फॉर्म

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणारी मुलगी मी. समाजशास्त्र घेतल्यापासून तर जास्तच. एस.वाय.ला असताना मी 'चकवा' या समजुतीवर असाइनमेंट लिहिली होती. माणूस फिरून फिरून एकाच जागी येतो त्याला गावात काय म्हणतात, आणि खरी कारणं काय असतात... थकवा, ऊन, भीती. मॅडमनी ती वर्गात वाचून दाखवली होती. त्यामुळे पुढचं वाचून कोणी हसलं तर मला राग येणार नाही. मीही हसले असते.

गेल्या वर्षी मी टी.वाय.ला होते, गंगापूर रोडच्या एका कॉलेजात. फील्डवर्कसाठी आम्हाला इगतपुरीजवळची एक वाडी मिळाली. जुनं गाव धरणात गेल्यावर लोकांना वर माळावर प्लॉट दिले, ती ही वाडी. दोघींची जोडी करून घरोघर छापील फॉर्म भरायचे... कुटुंबप्रमुख, सदस्य, नाती, शिक्षण, आधीचं घर. माझ्या जोडीला सोनाली होती.

भाताची कापणी चालू असल्यामुळे निम्म्या घरांना कुलूप. दुपारी बाराच्या पुढे सोनाली हापशावर बाटली भरायला गेली. मला समोरच एक दार उघडं दिसलं. एकोणिसावा फॉर्म काढून मी आत शिरले.

दोनच खोल्या. पुढची, आणि तिच्या मागे चुलीची. जमीन ताजी सारवलेली. साठीची एक बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. कपाळावर गोंदण.

"ये. लय उशीर केला," ती म्हणाली.

मला वाटलं, सर्व्हेवाले येणार हे हिला कळलं असेल. बसले. नवऱ्याचं नाव नामदेव, दोन मुलगे, एक सून. जुन्या घराविषयी तिने भरभरून सांगितलं, पाणी वर येताना कुठली भिंत आधी बसली तेसुद्धा. फॉर्म भरला, मी उठले.

"येते मावशी."

"बस की. झालं नाय अजून."

"नको, मैत्रीण थांबलीय," म्हणत मी उंबरा ओलांडला... आणि चुलीपुढे उभी राहिले.

मागच्या खोलीत. पाठीमागे तीच पुढची खोली, तिच्यापलीकडे तेच उघडं दार आणि बाहेरचं पांढरं ऊन. मी स्वतःलाच हसले. घाईत उलटी वळले असेन. पुन्हा गेले. उंबऱ्यावर पाय ठेवला, खाली पाहून ठेवला, पलीकडे टेकवला... पायाखाली चुलीजवळची राख.

बाई तांदूळ निवडतच होती.

तिसऱ्यांदा मी पळत गेले. मग डोळे मिटून, मग भिंतीला हात लावत लावत. दरवेळी चूल. दारातून मला सोनाली स्पष्ट दिसत होती, वीस पावलांवर हापसा मारताना. मी जीव खाऊन हाका मारल्या. तिने मान वळवली नाही. बाटलीत पाणी पडत होतं, पण बाटली काही भरत नव्हती. फोन लावला, रिंग गेली. तिने खिशाला हातसुद्धा लावला नाही. स्क्रीनवर बारा वीस. पुन्हा पुन्हा लावला. बारा वीस.

मग मी रडायला लागले. आईची आठवण आली. आपण इथून आता कधीच निघणार नाही, हे इतक्या शांतपणे मनात आलं की त्याचीच भीती वाटली.

"मावशी, मला जाऊ द्या ना," मी हात जोडले.

"मी कुठं धरलंय?" ती म्हणाली. चिडून नाही, थकल्यासारखी. "समदं लिव्हलं का तू?"

"हो. सगळं."

"वाच."

मी वाचलं. नामदेव, कुटुंबप्रमुख. मग पत्नी. मग मुलगा, त्याचं नाव, त्याचं शिक्षण...

"पत्नी म्हंजे कोण?"

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. तासभर जिच्याशी बोलले तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. नात्याच्या रकान्यात 'पत्नी' लिहून मी पुढच्या ओळीवर गेले होते.

"मागं मोजायला आलते त्यांनी बी असंच केलं," ती म्हणाली.

"नाव काय तुमचं?"

"ठकूबाई."

लिहिलं. तिने मला ते मोठ्याने वाचायला लावलं. वाचलं. तिने सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला.

"जा आता."

उंबरा ओलांडला आणि उन्हाचा चटका बसला. सोनाली बाटलीचं झाकण लावत होती.

"काय गं, त्या पडक्यात काय बघत होतीस?"

मी वळून पाहिलं. चार अर्धवट भिंती. वर पत्रे नाहीत, दाराला चौकट नाही. आत गुडघाभर गवत.

शेजारच्या घरातल्या आजींना मी विचारलं. म्हणाल्या, "नाम्याचा प्लॉट त्यो. भिंती घातल्या आन् कामाला ठाण्याकडं गेली समदी. ऱ्हायला आलीच नाय कुणी."

मी त्यांना मुलांची नावं वाचून दाखवली. बरोबर होती. मग विचारलं, "आणि नामदेवच्या बायकोचं नाव?"

आजी बोलायला गेल्या आणि थांबल्या. "नाम्याची बायकोच म्हणायचो गं आमी... नाव..." मग ओट्यावर बसल्या. "इतकी वर्सं संगं भाताची आवणी केली तिच्या. नाव काय व्हतं तिचं?"

"ठकूबाई?"

"आसंल," त्या हळूच म्हणाल्या. "म्हाईत नाय."

माझ्या फोनमध्ये सोनालीला केलेले सात कॉल आहेत. सातही बारा वीसचे. तिच्या फोनमध्ये एकही नाही. सोनाली म्हणते ऊन लागलं, नावं आधीच्या कुठल्या तरी घरात ऐकली असतील. असेल. मी स्वतःला तेच समजावून पाहिलं.

सोनालीकडून कळल्यावर मॅडमनी फॉर्म पाहून विचारलं, "पडक्या घरात मुलाखत कोणाची घेतलीस? खोटा फॉर्म आहे असं धरलं तर तुझा सगळा प्रोजेक्ट बाद होईल. काढून टाक." त्या माझ्या भल्याचंच सांगत होत्या. घरी नेऊन मी तो फाइलमधून सोडवला. दोनदा. दोन्ही वेळा परत लावला.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच पान उघडलं. फाइलला जोडलेल्या पुनर्वसनाच्या सरकारी यादीवरून बोट फिरवत म्हणाले, "ही ठकूबाई यादीत कुठेच नाही."

"हो सर," मी म्हटलं. "नाहीये."

त्यांनी काही लिहून घेतलं आणि पान उलटलं. मला काठावर पास केलं. त्या दुपारी नेमकं काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. यादी मात्र मी नंतर पूर्ण वाचली. तिच्यात एकाही बाईचं नाव नव्हतं.