उलटी थांबली तर

कुणाच्या ओकण्यानं घराला बरं वाटावं, असं दुसरं घर मी पाहिलेलं नाही. सकाळी मी मोरीत वाकले की सासूबाईंचे भाकरी थापणारे हात थांबायचे. माझा आवाज ऐकला की परातीत पुन्हा थपथप सुरू व्हायची.

त्याला कारण होतं. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिसऱ्या महिन्यात माझ्या उलट्या एकाएकी थांबल्या होत्या. सुटले एकदाची, म्हणून मी भाकरी, शेंगाचटणी आणि दही असं चापून जेवले. नवऱ्यानं थट्टाही केली. पुढच्या सोनोग्राफीत कळलं, पोटातलं बाळ कधीच गेलं होतं. मी हावरटासारखी जेवत होते तेव्हा ते नव्हतंच.

दुसऱ्या खेपेला मात्र पोटात पाणीही टिकेना. ओठ फुटले, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "उलटीची गोळी देते. या दिवसांत चालते, काळजी करू नकोस. अशी उपाशी राहिलीस तर मात्र अवघड आहे." पडद्यावर ठोकेही दाखवले. ठोके मागच्या वेळीही दिसले होते.

मला गोळीची भीती नव्हती. पण उलटी थांबली, तर ती गोळीनं थांबली की बाळ गेलं म्हणून थांबली, हे मला कोण सांगणार? रोज उठून सोनोग्राफी काही करता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नवरा म्हणाला, "डॉक्टरला जास्त कळतं की तुला?" मला संताप आला. पोट त्याचं रिकामं झालेलं नव्हतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनाच विचारलं, "आत्या, घेऊ का?"

त्यांनी गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून बघितली. "घे की. लई वाळलीस." मग हळूच म्हणाल्या, "पर आपल्याला कसं कळायचं गं?"

संध्याकाळी घेतली. सकाळी उठले तर मळमळ नाही. भूक लागली होती, खरीखुरी. मागच्या खेपेलाही अशीच लागली होती. आत्यांनी मऊ भात आणला, पण वाढताना माझ्याकडं बघेनात. दोन घास गेले, तिसरा गिळवेना.

पुढची गोळी मी घेतली नाही. मोरीत पाटावर बसून उलटीची वाट बघत राहिले. देवाकडं दुसरं काही मागितलंच नाही.

दिवस कलताना ती आली. आतडी पिळवटली, घसा सोलून निघाला. दाराबाहेर आत्या रडत होत्या, "आली बाई, आली." आत मीही रडत होते, आनंदानं. स्वतःची इतकी कीव मला कधी आली नव्हती.

बाळाची हालचाल जाणवेपर्यंत मी ओकत राहिले. तोवर घरातलं कुणी पुन्हा, एकदाही, गोळी घे म्हणालं नाही.